क्रोशाचा पहिला ससा: सुई कधीच हातात न धरलेल्यांसाठी

क्रोशाचं छोटं भरीव खेळणं विणायला एकच टाका नीट यावा लागतो, तो म्हणजे मुका खांब. तो कुठे वाढवायचा, कुठे घटवायचा आणि फेरीत किती झाले हे मोजायचं, की डोकं तयार होतं, पाय तयार होतात, कानही होतात. तरीही बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अडकतात आणि सुई-लोकर पिशवीत जाते ती जातेच. व्हिडिओतले हात सराईत असतात. सुई नेमक्या कोणत्या भोकात गेली हे त्यात दिसत नाही आणि बोलणारी व्यक्ती तेवढंच सांगायचं विसरते. म्हणून या लेखात अडकण्याच्या जागांवर जास्त थांबले आहे आणि सोप्या गोष्टी भराभर उरकल्या आहेत.

आपण बसलेला ससा करणार आहोत. जपानमधून जगभर गेलेल्या, अमिगुरुमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातलंच हे खेळणं. डोकं आणि धड सलग एका तुकड्यात आहे, त्यामुळे मान शिवायची कटकट नाही. दोन कान, चार पाय आणि शेपूट वेगळे विणून जोडायचे. कान सोडून उंची साधारण १० सेंटिमीटर भरते. लोकर जाड घेतली तर ससा मोठा होईल, बारीक घेतली तर लहान. टाक्यांचा हिशोब तोच राहतो.

१. सामान जमवा

- लोकर: मध्यम जाडीची, डीके म्हणून मिळते ती. ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो.
- क्रोशाची सुई: २.५ किंवा ३ मिमी.
- भरायला पॉलिस्टर फायबर.
- बोथट टोकाची, मोठ्या नाकाची लोकर शिवायची सुई.
- टाचण्या आणि कात्री.
- स्टिच मार्कर. नसला तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा.
- डोळ्यांसाठी ८ मिमीचे सेफ्टी आईज (मागून चकतीने बसवायचे तयार डोळे) किंवा भरतकामाचा काळा दोरा.
- नाकासाठी थोडा गुलाबी दोरा.

लोकरीच्या बाबतीत हट्ट धरा. पहिल्या खेळण्याला फिकट रंगाची, गुळगुळीत, एकसारख्या जाडीची लोकर घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका दिसत नाही. मखमली किंवा केसाळ लोकर दुकानात बघताना मोह पडतो, पण तिच्यात भोक डोळ्यांनी सापडतच नाही, बोटांनी चाचपडावं लागतं. तिची पाळी नंतर. ॲक्रिलिक थोडी ताणली जाते, त्यामुळे हात सैल-घट्ट झाला तरी सांभाळून घेते. सुती लोकरीची वीण रेखीव दिसते, पण तिचे पदर सुटे होतात आणि सुई मधल्या पदरात अडकते. दोन्ही चालतील. सुरुवातीला मला ॲक्रिलिक बरी वाटते.

पहिला सापळा लोकरीच्या लेबलवर आहे. डीके लोकरीच्या लेबलवर सहसा ४ मिमीची सुई सुचवलेली असते. ती मफलर किंवा स्वेटरसाठी ठीक. खेळण्याला वीण इतकी दाट लागते की आतलं फायबर बाहेरून दिसता कामा नये, म्हणून सुई लेबलपेक्षा एक ते दीड मिमी बारीक घ्यायची.

भरायला औषधांच्या दुकानातला कापूस वापरू नका. तो दाबला की तसाच बसतो आणि एकदा भिजला की आत गोळे होतात.

२. मुका खांब आणि नावांचा घोळ

सुईवर सरकगाठ, म्हणजे ओढली की आवळणारा फास, घ्या आणि दहा-बारा साखळ्या घालून हात मोकळा करा (धागा पकडून सुईवरच्या फासातून बाहेर ओढला की एक साखळी). आता मुका खांब: सुई टाक्यात आत घाला, मागचा धागा पकडून बाहेर ओढा. सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा धागा पकडा आणि दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढा. झाला टाका.

सुई नेमकी कुठे घालायची? विणलेल्या कडेकडे वरून बघा. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन धागे आडवे झोपलेले दिसतात आणि दोन्ही मिळून इंग्रजी व्हीसारखा आकार होतो. सुई या दोन्ही धाग्यांखालून जायला हवी. एकाच धाग्याखालून गेली तर तिथे बारीक कंगोरा येतो आणि वीण विरळ होते. हा व्ही ओळखता आला की निम्मं काम झालं, कारण मोजायचंही त्यालाच असतं. एक चौकोनी तुकडा विणून दहा-पंधरा ओळी फक्त तो बघण्यात घालवा. वेळ वाया जात नाही.

पहिला धागा ओढून घेताना सुई धाग्याच्या खालून नेली, म्हणजे धागा सुईवर आला, तर बाहेरून टाका व्हीसारखा दिसतो. सुई धाग्याच्या वरून नेऊन त्याला खाली पकडलं तर टाका फुलीसारखा दिसतो आणि वीण थोडी अधिक घट्ट होते. खेळण्यांसाठी अनेकांना फुलीच आवडते. तुम्ही काहीही निवडा, पण एका सशात एकच. डोकं फुलीचं आणि धड व्हीचं झालं तर दोन्हींचं माप जुळत नाही.

आता नावं. पुढे तुम्ही दुसरे पॅटर्न वाचायला घ्याल तेव्हा हे लागेल. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे वेगळाच, उंच खांब. पॅटर्न कोणत्या पद्धतीचा आहे हे वरच लिहिलेलं असतं, ते आधी शोधा. लिहिलेलं नसेल तर एक खूण आहे: पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे आला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश यादीत ते नावच नाही.

सुई पेन्सिलीसारखी धरायची की सुरीसारखी, यावर वाद घालणारे घालोत. मनगट दुखत नाही ती पकड बरोबर. डावखुऱ्यांनी सगळ्या दिशा उलट धराव्यात. टाक्यांच्या हिशोबात फरक पडत नाही.

३. मधलं वर्तुळ

डोकं, कान, पाय, सगळ्यांची सुरुवात छोट्या वर्तुळात सहा मुके खांब घालून होते. त्याच्या दोन पद्धती आहेत.

सोपी: दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत, एकाच भोकात, सहा मुके खांब घाला. मध्ये बारीकसं भोक राहतं.

नीटनेटकी, म्हणजे मॅजिक रिंग: धाग्याचं टोक वीतभर सोडून दोन बोटांवर फुली पडेल असा वेढा घ्या. सुई पहिल्या धाग्याखालून घालून दुसरा धागा ओढून आणा, एक साखळी घाला. मग वेढा बोटांवरून काढून त्याच्या आत सहा मुके खांब घाला. सुई प्रत्येक वेळी वेढ्याचा धागा आणि सुटं टोक, दोन्हींच्या खालून गेली पाहिजे, नाहीतर टोक ओढल्यावर वर्तुळ आवळत नाही. शेवटी टोक ओढलं की भोक बंद.

मॅजिक रिंग पहिल्या दिवशी जमली नाही म्हणून कोणी थांबू नये. साखळीच्या पद्धतीने केलेलं भोक डोक्यावर आलं तरी दोन कानांच्या मध्ये लपतं.

सापळा: सुरुवातीची साखळी टाका म्हणून मोजायची नाही. दुसरी फेरी पहिल्या मुक्या खांबापासून सुरू होते. तो पहिला टाका आवळल्यामुळे दबून बसलेला असतो आणि नजरेतून सुटतो. पाचच व्ही दिसत असतील तर नखाने तो बाहेर काढा, पुढे जाऊ नका.

४. फेऱ्या, मार्कर आणि मोजणी

फेऱ्या गोगलगाईच्या शंखासारख्या फिरत वर चढतात. फेरी संपली म्हणून जोडायची नसते की साखळी घालायची नसते. थेट पुढच्या टाक्यात जायचं. त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली हे मार्करशिवाय कळत नाही. प्रत्येक फेरीचा पहिला टाका घातला की त्याच टाक्यात मार्कर लावा. फिरून त्याच्यापर्यंत आलात की फेरी संपली. मार्कर काढा, त्या टाक्यात विणा, नव्या टाक्यात पुन्हा लावा.

प्रत्येक फेरीच्या शेवटी टाके मोजा. कंटाळा येतो, पण मोजा. एक टाका चुकल्याचं त्याच फेरीत कळलं तर दहा-बारा टाके उसवावे लागतात. चार फेऱ्यांनी कळलं तर चारही फेऱ्या जातात.

वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घ्या, त्या दोन्हींतून धागा एकदम ओढा, मग नेहमीसारखा टाका पूर्ण करा. अशी घट बाहेरून जवळपास दिसत नाही. टाक्याच्या दोन्ही धाग्यांतून केलेल्या घटीला मात्र गाठीसारखा उंचवटा येतो आणि शेजारी भोक पडतं.

वाढ नेहमी सहाच का, असा प्रश्न पडतो. मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच असतो. त्याचं सपाट वर्तुळ वाढवायला दर फेरीला साधारण सहा टाके जास्त लागतात. कमी वाढवलेत तर वाटी होते, जास्त वाढवलेत तर झालर. वाढ थांबवली की भिंत उभी राहते आणि घट सुरू झाली की तोंड मिटत जातं. हे एकदा लक्षात आलं की कोणत्याही प्राण्याचा पॅटर्न वाचताना आकार डोळ्यांपुढे येतो.

५. डोकं आणि धड

'साधा' म्हणजे एका टाक्यात एक मुका खांब. कंसातलं सांगितलेल्या वेळा करा. शेवटचा आकडा फेरीतल्या एकूण टाक्यांचा.

फेरी १: वर्तुळात ६ मुके खांब = ६
फेरी २: प्रत्येक टाक्यात वाढ = १२
फेरी ३: (१ साधा, १ वाढ) ६ वेळा = १८
फेरी ४: १ साधा, १ वाढ, (२ साधे, १ वाढ) ५ वेळा, १ साधा = २४
फेरी ५: (३ साधे, १ वाढ) ६ वेळा = ३०
फेरी ६ ते १०: सगळे साधे = ३०
फेरी ११: (३ साधे, १ घट) ६ वेळा = २४
फेरी १२: (२ साधे, १ घट) ६ वेळा = १८

इथे मान आली. डोळे लावणं आणि डोकं भरणं आता करायचं, ते पुढच्या पायरीत आहे. त्यानंतर धड:

फेरी १३: (२ साधे, १ वाढ) ६ वेळा = २४
फेरी १४: (३ साधे, १ वाढ) ६ वेळा = ३०
फेरी १५ ते २०: सगळे साधे = ३०
फेरी २१: (३ साधे, १ घट) ६ वेळा = २४
फेरी २२: (२ साधे, १ घट) ६ वेळा = १८
फेरी २३: (१ साधा, १ घट) ६ वेळा = १२
फेरी २४: ६ घटी = ६

चौथी फेरी मुद्दाम वेडीवाकडी लिहिली आहे. वाढी दर फेरीला एकावर एक आल्या तर गोल न होता षट्कोन होतो आणि सशाच्या डोक्याला कोपरे येतात. एका फेरीत सुरुवात अर्ध्यावर सरकवली की कोपरे मोडतात. बऱ्याच पॅटर्नमध्ये हे लिहिलेलं नसतं, पण तुम्ही स्वतःहून केलंत तर हिशोब बिघडत नाही.

चार-पाच फेऱ्यांनंतर थांबा आणि सुलट-उलट बघा. वाटीच्या बाहेरच्या अंगाला व्ही किंवा फुल्या दिसल्या पाहिजेत. आडव्या रेघोट्या दिसत असतील तर ती आतली बाजू आहे. उजव्या हाताने विणताना तुम्ही वाटीच्या आपल्याकडच्या कडेवर विणत असाल तर बरोबर. पलीकडच्या, दूरच्या कडेवर विणत असाल तर वाटी उलटी वळली आहे. उसवायचं काही कारण नाही, मोज्यासारखी उलटून घ्या आणि पुढे चला. अगदी सगळ्यांचं होतं असं.

६. डोळे आणि भरणं

डोळे आठव्या आणि नवव्या फेरीच्या मध्ये लावा. दोन डोळ्यांमध्ये सहा टाके ठेवा. नवशिके डोळे वर आणि जवळ लावतात आणि ससा रागावलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा दिसायला लागतो. खाली आणि दूर लावले की पिल्लू दिसतं. फेरीची सुरुवात, म्हणजे मार्करची रेघ, पाठीमागे येईल असं बघा. तिथे वीण जराशी तिरकी सरकलेली दिसते.

सेफ्टी आयचा दांडा बाहेरून आत घालून मागून चकती दाबून बसवतात. एकदा बसली की ती निघत नाही, म्हणून आधी नुसते दांडे खोचून हातभर लांबून चेहरा बघा. पटला तरच चकती दाबा.

आणि एक गोष्ट ठामपणे: खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणार असेल तर सेफ्टी आईज वापरूच नका. नावात सेफ्टी आहे, पण मूल चावून-ओढून विणीतून अख्खा डोळा बाहेर काढू शकतं आणि तो घशात अडकू शकतो. काळ्या दोऱ्याने डोळे भरा. मणी आणि बटणं याच कारणाने नकोत.

फायबर चिमटीत मावेल एवढं घेऊन पिंजा आणि थोडं थोडं भरा. आधी कडेला, मग मध्ये. एकदम मोठा गोळा कोंबला की बाहेरून टेंगळं दिसतात. डोकं घट्ट भरा, मान त्याहून घट्ट. मान पोकळ राहिली तर डोकं डुगडुगतं आणि नंतर तिथे पोहोचता येत नाही, म्हणून १४व्या फेरीनंतर पुन्हा बोटाने दाबून मानेत भर घाला. धड भरताना तळाशी हात आखडता घ्या, म्हणजे ससा टेकून बसेल. भरल्यावर टाक्यांमधून पांढरं डोकावत असेल तर ताणलंय जास्त, किंवा सुई जाड आहे.

शेवटचे ६ टाके मिटवायला धागा वीतभर ठेवून कापा, बोथट सुईत ओवा, सहाही टाक्यांच्या फक्त बाहेरच्या धाग्यांतून फिरवा आणि ओढा. भोक मिटतं. मग सुई धडातून आरपार काढा.

७. कान, पाय, शेपूट

कान (दोन): फेरी १: ६. फेरी २: सगळे साधे = ६. फेरी ३: (१ साधा, १ वाढ) ३ वेळा = ९. फेरी ४: (२ साधे, १ वाढ) ३ वेळा = १२. फेरी ५ ते ९: साधे = १२. फेरी १०: (२ साधे, १ घट) ३ वेळा = ९. फेरी ११: साधे = ९. भरायचे नाहीत, चपटे करायचे.

पाय (चार, सगळे सारखे): फेरी १: ६. फेरी २: (१ साधा, १ वाढ) ३ वेळा = ९. फेरी ३ आणि ४: साधे = ९. फेरी ५: (१ साधा, १ घट) ३ वेळा = ६. फेरी ६ आणि ७: साधे = ६. फक्त पंजात चिमूटभर भरा.

शेपूट: फेरी १: ६. फेरी २: प्रत्येकात वाढ = १२. फेरी ३: साधे = १२. फेरी ४: ६ घटी = ६. थोडंसं भरा.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटी २५ ते ३० सेंटिमीटर धागा सोडूनच कापा. त्याच धाग्याने शिवायचं आहे. आखूड कापलात तर नवा धागा जोडावा लागेल आणि त्याची गाठ नको तिथे दिसेल.

लहान गोल विणताना बोटं अवघडतात. सहा टाक्यांच्या नळीत सुई फिरवणं हे सगळ्या सशातलं सर्वांत चिडचिडं काम आहे, डोक्याहूनही. म्हणून डोकं आधी करा आणि हात बसल्यावर पायांकडे वळा. दुसरा कान मात्र पहिल्याच्या पाठोपाठ, त्याच दिवशी विणा. हाताचा ताण दिवसागणिक बदलतो आणि एक कान लांब होतो.

८. जोडणी

बहुतेक सशांचं रूप इथे बिघडतं, विणताना नाही. सगळे तुकडे आधी टाचण्यांनी लावा. ससा समोर ठेवा, बाजूने बघा, वरून बघा, मोबाइलवर फोटो काढून बघा. फोटोत तिरका कान लगेच नजरेत भरतो. मनासारखं झाल्यावरच सुई घ्या. आणि टाचण्या मोजून लावा, मोजून काढा. आत रुतलेली टाचणी बाहेरून दिसत नाही.

कान: खालची कड मधोमध दुमडून तिसऱ्या ते पाचव्या फेरीच्या पट्ट्यात, माथ्याच्या दोन्ही बाजूंना. पुढचे पाय मानेखाली दोन फेऱ्या सोडून. मागचे पाय विसाव्या फेरीच्या आसपास, पुढे पसरलेले. शेपूट पाठीमागे त्याच उंचीवर, जमिनीला टेकेल असं. ससा मागे कलंडत असेल तर शेपूट एखादी फेरी खाली आणा, तो तिच्यावर रेलून बसतो.

शिवताना एकदा तुकड्याच्या कडेच्या टाक्यातून, एकदा अंगावरच्या टाक्याच्या धाग्यांखालून, असं आलटून पालटून जा. चार-पाच टाके झाले की ओढा, शिवण आत बुडते. कान ओढून बघा. हलला तर पुन्हा एक फेरा शिवा.

उरलेलं टोक गाठ मारून कापू नका. सुई अंगातून आरपार काढा, धागा जरा ताणून अगदी वीणीलगत कापा, सोडला की टोक आत जातं.

९. नाक आणि बाकीचं

नाक नवव्या-दहाव्या फेरीवर, डोळ्यांच्या मधोमध. गुलाबी दोऱ्याने दोन टाके रुंदीचे तीन-चार आडवे टाके एकावर एक घाला आणि मधून एक छोटा उभा टाका खाली उतरवा. सुई कानाच्या शिवणीजवळून आत घाला आणि तिथेच बाहेर काढा, गाठ कानाखाली लपते.

चेहरा अजूनही मुका वाटत असेल तर डोळ्यांच्या मागे किंचित खोबणी करा: त्याच लोकरीचा धागा डोळ्यालगत घालून मानेत काढा, हलकं ओढा, बांधा. जास्त ओढू नका, गाल आत जातात.

धुवायचा झाला तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने हातानेच. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि वाऱ्यावर वाळवा. पंजे आणि मान वाळायला वेळ घेतात, ती दाबून कोरडी आहेत का बघा आणि मगच ससा आत ठेवा. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका.

पुढच्या वेळी याच डोक्या-धडाला कानांऐवजी तीन-चार फेऱ्यांचे गोल कान लावले तर अस्वल होतं. आखूड टोकदार कान आणि लांब शेपूट लावलं तर मांजर. डोक्या-धडाच्या २४ फेऱ्या तशाच ठेवायच्या.